पारोसे मोजे

डिसेंबर 2020. सकाळी पोह्यांची फोडणी टाकली, हिंग घातला आणि वास आलाच नाही. हिंगाची डबी नाकाशी धरली, तरी नाही. इंग्लंडमधल्या लेस्टर शहरातल्या एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करत असल्यामुळे याचा अर्थ मला कोणी सांगायची गरज नव्हती. त्याच दिवशी कोविडची पीसीआर चाचणी केली. निकाल पॉझिटिव्ह आला. नवरा आणि मुलगी खाली, मी वरच्या खोलीत, अशी आमची घरातल्या घरात फाळणी झाली.

कुत्र्यांच्या अभ्यासाबद्दल कामावर आधीच वाचलं होतं. लंडन स्कूल ऑफ हायजीन अँड ट्रॉपिकल मेडिसिन, डरम विद्यापीठ आणि ‘मेडिकल डिटेक्शन डॉग्ज’ ही संस्था मिळून एक प्रयोग करत होते: कोविड झालेल्या माणसाचा वास कुत्र्याला ओळखता येतो का? त्यासाठी लक्षणं सौम्य असलेली किंवा मुळीच नसलेली माणसं हवी होती. एनएचएसचे, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेचे, कर्मचारीही चालणार होते. मी नाव दिलं. खरं सांगते, त्या वेळी विज्ञानाची सेवा वगैरे मनात नव्हतं. दहा दिवस एका खोलीत बसून काहीतरी उपयोगाचं करावं, एवढंच वाटत होतं.

संमतीचे सोपस्कार झाले आणि पाकीट घरी आलं. आत मास्क, नायलॉनचे मोजे आणि टी-शर्ट. मास्क तीन तास घालायचा, मोजे आणि टी-शर्ट बारा तास. मग सगळं न धुता पिशवीत भरून परत पाठवायचं. बस्स. नाकात काडी नाही, सुई नाही.

ऐकायला सोपं आहे, पण आमच्या घरात लहानपणापासून पारोसे कपडे देवघराच्या आसपासही चालत नव्हते. अंगावरून उतरवलेले मोजे परक्या माणसांना पाठवायचे, ही कल्पनाच मला सहन होईना. संध्याकाळी मोजे चढवले आणि रात्रभर तसेच ठेवले. डोकं ठणकत होतं, तरी मी कपाळाला बाम लावला नाही. खोलीत उदबत्तीही लावली नाही. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. कुत्र्याला माझ्या आजाराचाच वास मिळावा, निलगिरीचा नको, असं माझं मीच ठरवलं होतं. सकाळी मोजे काढले आणि न राहवून नाकाजवळ नेले. काहीच नाही. माझ्या स्वतःच्या पायांचा वास मला येत नव्हता आणि तो मी कुत्र्यांना ओळखायला पाठवत होते! तेव्हा मला रडू आलं. वास गेल्याचं दुःख तोवर मी नीट मानलंच नव्हतं.

मोजेच का, हे मी नंतर शोधून वाचलं. याच संशोधकांपैकी काहींनी आधी पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात हिवतापावर काम केलं होतं. तिथल्या 175 मुलांनी रात्री घातलेले मोजे त्यांनी जमवले. त्यातल्या 30 मुलांच्या रक्तात हिवतापाचे परजीवी होते, पण मुलं वरवर धडधाकट दिसत होती. मोजे इंग्लंडला आणून कुत्र्यांपुढे ठेवले, तेव्हा बाधित मुलांचे 70 टक्के आणि निरोगी मुलांचे 90 टक्के नमुने त्यांनी बरोबर ओळखले. अंगात आजार शिरला की शरीराची रासायनिक घडी बदलते आणि घामातून, त्वचेतून बाहेर पडणारी हवेत उडून जाणारी द्रव्यंही बदलतात. कुत्रा तो बदल हुंगतो. ताप यायच्या आधी, खोकल्याच्या आधी.

आणखी एक गोष्ट मला फार पटली. निरोगी लोकांचे मोजे आजाऱ्यांच्या मोज्यांइतकेच मोलाचे असतात. नमुने स्टँडवर लावलेले असतात; बाधित नमुन्यापाशी कुत्रा थांबून खूण करतो, बाकीचे सोडून पुढे जातो, आणि सोडून देणं बरोबर असेल तर त्याचंही बक्षीस मिळतं. नमुने शेकडो माणसांचे लागतात. तेवढे नसले तर कुत्रा आजार शिकायचा सोडून माणूसच पाठ करील. शेवटच्या परीक्षेत तर कोणता नमुना कसला आहे हे प्रशिक्षकालाही माहीत नसतं, कारण त्याच्या नुसत्या श्वासावरूनही कुत्र्याला उत्तर कळू शकतं.

साताऱ्याला बाबांना फोनवर हे सांगितलं. ते मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त झालेले. त्यांना यात काहीच नवल वाटलं नाही. “सुरुंग हुंगतो तो ताप नाही हुंगणार?” एवढंच म्हणाले. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये आपल्या लष्कराने दिल्लीत घाम आणि लघवीच्या नमुन्यांवरून कोविड ओळखणारी कुत्री दाखवली: कॅस्पर हा कॉकर स्पॅनियल आणि तामिळनाडूच्या चिप्पीपराई जातीची जया. ते कात्रण बाबांनी मला लगेच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलं.

मे 2021 मध्ये आमच्या अभ्यासाचे आकडे आले. साडेतीन हजारांहून अधिक लोकांनी नमुने दिले होते. कुत्र्यागणिक बाधित ओळखण्याचं प्रमाण 82 ते 94 टक्के होतं आणि निरोगी माणसाला निरोगी म्हणण्याचं 76 ते 92 टक्के. दोन कुत्री विमानातले तीनशे प्रवासी साधारण अर्ध्या तासात तपासू शकतील, असा अंदाज संशोधकांनी मांडला.

औषध विभागात असल्यामुळे मी हिशेब मांडून पाहिला. हजार प्रवाशांत दहाच बाधित असतील आणि कुत्रा दोन्हीकडे 90 टक्के बरोबर असेल, तर तो नऊ खरे बाधित पकडेल, पण 99 निरोगी माणसांपाशीही थांबेल. म्हणून कुत्र्याच्या खुणेवर कोणाला डांबून ठेवणं मला मान्य नाही. तो ज्यांच्यापाशी थांबेल, त्यांचीच पीसीआर करावी. तेवढ्यावरही हजार चाचण्यांचं काम शंभराच्या आसपास येतं, आणि साथीच्या ऐन भरात, किट मिळत नसताना, हे किती मोठं आहे ते मी रोज बघत होते.

माझा मोजा कोणत्याही कुत्र्यापुढे गेला की नाही, मला माहीत नाही. नमुन्यांवर नावं नव्हती आणि आलेले सगळेच नमुने काही वापरले गेले नाहीत. बाबांना मात्र ते पटेना. “कोणत्या कुत्र्याने हुंगला?” हेच विचारत राहिले. शेवटी चाचणीतल्या सहाही कुत्र्यांची नावं मी त्यांना वाचून दाखवली. अ‍ॅशर, किप, लेक्सी, मार्लो, मिली, टाला. “सावकाश सांग,” ते म्हणाले. डायरीचं पान उलटल्याचा आवाज आला. मी पुन्हा अ‍ॅशरपासून सुरुवात केली.