आधी रेघ, मग अक्षर

रविवार, रात्री पावणेअकरा

आज सांगण्यासारखं काहीच घडलं नाही, म्हणून निवांत लिहायला बसले आहे. पाऊस सकाळपासून नुसता भुरभुरतोय. परवाचे कपडे अजून दमटच, आणि जीन्सला तर आता वास यायला लागलाय. दुपारी वाल सोलत बसले होते. मोड आलेला वाल दोन बोटांत दाबला की टुपकन सालाबाहेर उडी मारतो. एखादा लांब सोफ्याखाली जातो, त्याच्यामागे जायचं नाही असं मी ठरवून टाकलंय. तासभर फोनला हात लागला नाही, हे नंतर लक्षात आलं.

आणि मग मोडी, जुने मराठी कागद जिच्यात लिहीत ती लिपी. गेले पाच महिने हे खूळ चाललंय. मार्चमध्ये ऑफिस सुटल्यावर दहा दिवस एका वर्गाला गेले होते. दोन वकील, इतिहास शिकणारी तीन-चार मुलं, एक निवृत्त तलाठी आणि मी. तलाठीकाका पहिल्याच दिवशी म्हणाले, "उभा जन्म सातबारा लिहिला हो, पण त्याच्या आज्याचं नाव वाचता येत नव्हतं." जुने जमिनीचे कागद बहुतेक मोडीतच. वकील त्यासाठीच आले होते. मी कशासाठी आले, हे मला तेव्हा सांगता आलं नाही.

मोडीत आधी रेघ ओढतात. कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेषा मारून घ्यायची आणि मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायची, दोरीवर कपडे घालावे तशी. बालबोधीत, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत, आपण शब्द लिहून झाला की त्याला टोपी घालतो. इथे टोपी आधी, डोकं मागाहून. माझी रेघ निघताना सरळ असते, उजवीकडे पोचेपर्यंत घाट चढायला लागते. शब्द तोडायचे नाहीत, विरामचिन्हं नाहीत, शक्यतो हात उचलायचा नाही. काना अक्षराच्या वळणातच मिसळून जातो. आणि ह्रस्व-दीर्घाची भानगड नाही! शुद्धलेखनात प्रत्येक वेलांटीला अर्धा गुण कापणाऱ्या आमच्या बाई आठवल्या. पेशव्यांच्या कारकुनांना त्या बाई मिळाल्या असत्या तर काय झालं असतं कोण जाणे. अर्थात लिहिणाऱ्याची जेवढी सोय, तेवढे वाचणाऱ्याचे हाल. शब्द कुठे संपला ते आपणच ओळखायचं.

बोरू मला नीट तासता येत नाही, म्हणून मी कट निबचं शाईपेन घेतलंय. मुलाच्या अर्धवट राहिलेल्या वह्या सत्कारणी लागताहेत. त्याने मला शोधून दाखवलं की मोडी २०१४ पासून युनिकोडमध्ये आहे, म्हणजे टाइपही करता येईल. असेल बापडी. बोटांना शाई लागत नसेल तर मला नको.

बसमध्ये दुसराच खेळ. जुन्या पत्रांत साल अरबी शब्दांत असतं आणि ते एकमपासून वाचायचं. इहिदे सितैन मया व अलफ. इहिदे एक, सितैन साठ, मया शंभर, अलफ हजार. झाले ११६१. त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे, पत्र वर्षाच्या कुठल्या महिन्यातलं आहे त्यावर. आलं इसवी सन १७६०-६१. पानिपताचं साल! हे पहिल्यांदा जमलं तेव्हा माझा स्टॉप मागे गेला होता. भर पावसात एक स्टॉप उलटी चालत आले, पण तोंडावर हसू होतं. शेजारच्या काकूंना काहीतरी वेगळंच वाटलं असावं.

खरी गंमत मात्र घरच्या कागदाची. मोठ्या काकांकडे एक मोडी कागद आहे, घडीवर फाटलेला, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. "अगं, तो आपल्या जमिनीचा कागद आहे, सांभाळून," असं ते मला लहानपणापासून सांगत आलेत. ती जमीन कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही, पण दर गणपतीत तिचा विषय निघतो. मी त्याचा फोटो मागवला आणि मोठा करून रोज दोन-दोन ओळी लावत बसले. पहिला शब्द लागला 'याद'. शके १८०४, चित्रभानु संवत्सर, वैशाख. म्हणजे १८८२चा उन्हाळा. पुढे गूळ, आणि त्यापुढे मी वाचलं ५११ शेर. पाचशे अकरा शेर गूळ! आमचे पूर्वज गुऱ्हाळवाले होते की काय, या विचारात दोन दिवस गेले. मग वर्गातली वही उघडली. एक उभी रेघ म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. ते ५।। होतं. साडेपाच शेर! आणि त्याच दोन रेघा अक्षरापुढे आल्या की शब्द तोडून लिहिलाय असं समजायचं, मौ।। म्हणजे मौजे. आता डोकं वापरल्याशिवाय गत्यंतर नाही.

गूळ, सुपाऱ्या, हळद, नारळ १२५, पत्रावळी. लग्नाची यादी आहे ती. जमीन नाही, वतन नाही, काही नाही. शेवटच्या ओळीत कुणाकडून तरी आणलेली 'पातेली २' परत करायची आहेत. ती केली की नाही, कागद सांगत नाही. मला त्या पातेल्यांनी इतका आनंद दिला की रात्री साडेअकराला नवऱ्याला उठवून सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि कूस बदलली. काकांना अजून सांगितलेलं नाही. गणपती तोंडावर आलेत, बघू.

फ्रीजवरची किराणा यादीही मी हल्ली मोडीत लिहिते. मुलगा वैतागतो. नवऱ्याला फक्त 'साखर' ओळखता येतं, त्यामुळे घरात साखर तीन किलो झाली आहे.

रोजनिशीही मोडीतच ठेवायची, म्हणजे कुणाला वाचता येणार नाही, असा बेत होता. जूनमध्ये आठवडाभर तशी लिहिली. आज ती पानं काढली तर मलाच लागेनात. एका पानावर शेवटची ओळ आहे, 'आज फार ...मले'. पहिलं अक्षर शाईत बुडालंय. दमले की रमले? तारीख बघून त्या दिवशी काय झालं होतं ते आठवायचा प्रयत्न केला. गुरुवार होता, एवढंच कळलं. भिंग आणलं, दिव्याखाली आडवं-उभं धरून पाहिलं.

उद्या दिवसाउजेडी पुन्हा बघते. वालाची सालं बेसिनमध्ये तशीच पडली आहेत, ती उचलून झोपते.