मॉन्ट्रियलला इंग्रजी शाळा मिळेल का?

मॉन्ट्रियलला निघालेली मराठी मंडळी घरभाड्याच्याही आधी विचारतात: शहरात इंग्रजी सर्रास चालतं, मग मुलाला इंग्रजी शाळेत का घालता येत नाही? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो.

मॉन्ट्रियल ज्या क्युबेक प्रांतात आहे, तिथे १९७७ पासून कायदा १०१ हा फ्रेंच भाषेचा कायदा आहे; त्यामुळे मुलांची शाळा मुळात फ्रेंचच. इंग्रजी शाळेसाठी पात्रता प्रमाणपत्र लागतं. त्याची मुख्य अट अशी, की कॅनडाचे नागरिक असलेल्या आई किंवा वडिलांचं प्राथमिक शिक्षण बहुतांशी कॅनडातच इंग्रजीतून झालेलं हवं. दादरच्या कॉन्व्हेंटचा इथे काडीचा उपयोग नाही. विनाअनुदानित खासगी शाळांना ही अट नाही. मात्र तिथली पूर्ण फी स्वतः भरायची.

वर्क परमिटवर आलात तर मुलांना तात्पुरती सूट मिळते. हाच कायदा कडक करणाऱ्या २०२२ च्या कायदा ९६ नंतर ती तीनच वर्षं, वाढवून मिळत नाही. शिवाय ही तीन वर्षं पुढे पात्रतेसाठी धरलीच जात नाहीत. दोन वर्षांत परतायचं नक्की असेल तर सूट घ्या. राहायचा विचार असेल तर सहा वर्षांच्या पोराला पहिल्याच दिवशी फ्रेंच शाळेत घाला. नाहीतर चौथीत गणित आणि इतिहास दोन्ही एकदम फ्रेंचमध्ये समोर येतात.

नवीन मुलांना आधी ‘क्लास दाकय’मध्ये, म्हणजे नवागतांच्या वर्गात बसवतात. वर्ग छोटा, भर फ्रेंचवर; भाषा जमली की नेहमीच्या वर्गात. लहानांचं निभतं. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांचं मात्र वर्ष त्यात जातं, आणि नेमकं तेव्हाच गणिताचं वळण येतं.

माध्यमिक चौथीला (आपली दहावी) गणिताच्या तीन शाखा होतात: सीएसटी (सांस्कृतिक-सामाजिक-तांत्रिक), टीएस (तांत्रिक-वैज्ञानिक) आणि एसएन (नैसर्गिक विज्ञान). फ्रेंच कच्चं म्हणून गणितात हुशार पोरालाही सीएसटीत टाकलं जातं, कारण ती सोपी समजली जाते. पालक ‘गणित ते गणितच’ म्हणून सही करतात. पुढे सेजेपच्या, म्हणजे शाळेनंतरच्या कॉलेजच्या, विज्ञान शाखेला माध्यमिक पाचवीचं (अकरावीचं) टीएस किंवा एसएन, वर भौतिक आणि रसायन हे विषय लागतात. ते राहिले तर आधी ते भरून काढायचे, मग प्रवेश. तेव्हा सही करण्याआधी शाळेतल्या समुपदेशकाला गाठा आणि ‘विज्ञानाचा रस्ता उघडा राहतो ना?’ एवढंच विचारा.

शाळा अकरावीला संपते. नंतर सेजेप: विद्यापीठाकडे जाणाऱ्यांना दोन वर्षं, तांत्रिक पदविकेला तीन. क्युबेकचे रहिवासी ठरलात तर सरकारी सेजेपला शिकवणीची फी नाही. मॉन्ट्रियल भागातल्या बहुतेक सेजेपसाठी अर्जाची मुदत १ मार्च. भाषेची सक्ती शाळेपुरती होती, त्यामुळे बरेच जण इथे डॉसन किंवा व्हॅनियरसारखं इंग्रजी सेजेप गाठायला बघतात. पण कायदा ९६ ने तिथल्या जागांवर मर्यादा घातली आणि इंग्रजी शाळेच्या पात्रता प्रमाणपत्रवाल्यांना प्राधान्य दिलं, तेव्हा त्या भरवशावर राहू नका.

फ्रेंच सेजेपच्या शेवटी साडेचार तासांत ९०० शब्दांचा साहित्यविषयक निबंध लिहावा लागतो. तो नापास झाला तर पदविकाच मिळत नाही, बाकी विषयांत कितीही गुण असोत. भौतिकशास्त्राच्या नादात पोरं याचा सराव शेवटच्या सत्रावर ढकलतात, आणि व्याकरणाच्या चुकांवर अडकतात. पुढे मॅकगिलसारख्या इंग्रजी विद्यापीठात जायचं असलं तरी या निबंधातून सुटका नाही.