कारा डोंगरातला वजीर आणि त्याची वही

ओमानमध्ये मस्कतहून दक्षिणेला सलालाला गाडीने जायचं म्हणजे साधारण हजार किलोमीटर, आणि थुमरैत मागे पडेपर्यंत सगळं सपाट, करडं, डोळे मिटायला लागतात इतकं एकसारखं. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो होतो. थुमरैतनंतर रस्ता डोंगरात शिरतो, आणि माथा ओलांडून उतार लागला तसे काचेवर बारीक थेंब यायला लागले, नवऱ्याने वायपर लावला, एसी बंद केला, आणि पुढच्या वळणावर हिरवंगार! म्हणजे अगदी माळशेज घाटात शिरल्यासारखं, धुकं, ओली माती, रस्त्याच्या मधोमध निवांत उभ्या गायी. मला खरंच भरून आलं.

आणि हा पाऊस परका नाहीच. आपल्या कोकणात धो धो कोसळतो तोच नैऋत्य मोसमी वारा धोफारच्या, म्हणजे सलालाच्या भागाच्या, किनाऱ्याजवळून जातो, त्याच्यामुळे समुद्राचं तळातलं थंड पाणी वर येतं, त्यावरची दमट हवा डोंगराला अडते आणि धुकं होऊन बसते. जून अखेर ते सप्टेंबर. तिथे याला खरीफ म्हणतात (अरबीत खरीफ म्हणजे शरद ऋतू, आपल्या खरीप पिकांचा शब्दही तिथूनच आला). डोंगराची समुद्राकडची बाजू तेवढी हिरवी, पलीकडे उतरलं की कोरडं नेज्द, जिथे लुबानाची, म्हणजे धुपासारख्या जाळायच्या सुगंधी डिंकाची, झाडं वाढतात. डोंगराची ही मधली रांग म्हणजे जबल कारा, आणि तिथे राहणारे कारा लोक उंटांच्या देशात गायी पाळतात.

घरी परत आल्यावर मी यांच्याबद्दल मिळेल ते वाचत सुटले आणि त्यात भेटला बर्ट्रम थॉमस. इंग्लंडमधल्या सॉमरसेटचा, पोस्टात नोकरीला लागलेला, पहिल्या महायुद्धात इराकला पोचला, तिथे पोलिटिकल ऑफिसर झाला आणि नंतर मस्कतच्या सुलतान तैमूर बिन फैसलचा वजीर, म्हणजे खजिना सांभाळणारा. सुलतानावर तेव्हा ब्रिटिश हिंदुस्तान सरकारचं कर्ज होतं, त्यामुळे खजिन्यावर इंग्रज माणूस बसला यात नवल नाही. पण याचं मन हिशेबात नव्हतंच, याला रब अल खाली म्हणजे ते मोठं वाळवंट पार करायचं होतं, आणि वरच्यांना विचारलं तर नाही म्हणतील म्हणून त्याने विचारलंच नाही. 1930 च्या ऑक्टोबरमध्ये गुपचूप सलालाला आला तर वाटाडे आलेलेच नाहीत. मग वाट बघता बघता तो काराच्या डोंगरात फिरला. पुढे 10 डिसेंबरला निघून 5 फेब्रुवारी 1931 ला दोहाला पोचला आणि जगभर नाव झालं ते त्या वाळूमुळे. मला मात्र ते आधीचे डोंगरातले आठवडेच जास्त जवळचे वाटतात.

कारण तिथे त्याने जे टिपलं ते घरातलं आहे. गोल, गवताने शाकारलेल्या झोपड्या, पावसात माणसं आणि गुरं एकाच गुहेत. निळीत रंगवलेली वस्त्रं, अंगालाही निळा रंग लागलेला. चारा संपला की गुरांना वाळवलेली सार्डिन, म्हणजे आपली तारली! गाय मासे खाते हे वाचून मी आईला फोन केला होता, तिचा विश्वासच बसेना.

आणि दूध. काढायचं ते पुरुषांनीच, गायीच्या आचळाला बाईचा हात लागू द्यायचा नाही. इथे मी बराच वेळ थांबले. माझी आजी पहाटे चरवी घेऊन गोठ्यात जायची, आधी वासरू सोडायची, गायीने पान्हा सोडला की वासराला बाजूला बांधायची, आणि तिच्याशिवाय दुसऱ्या कुणी हात लावला तर गाय दूध चोरायची. आमच्या घरात गाय म्हणजे बायकांचं राज्य. आणि तिथे, त्याच पावसात, अगदी उलटं. गाय पान्हा सोडेना तर कारा माणूस तिच्या मागच्या अंगात तोंडाने फुंकायचा. ऐकायला विचित्र वाटतं पण फुंकायची रीत आपल्याकडेही होती, 1960 च्या प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या कायद्यात तिच्यावर बंदी घातलीय ती उगाच नाही.

आता जे मला खुपतं ते. थॉमसच्या सामानात कॅलिपर होता, लोकांच्या कवट्या मोजायला. एक माणूस, ज्याच्या पाठीशी सुलतान आहे आणि सुलतानाच्या पाठीशी इंग्रज आहेत, तो तुमच्या दारात येतो, तुमचं दूध पितो आणि तुमच्या डोक्याला चिमटा लावून आकडे लिहून घेतो. नाही कोण म्हणणार होतं? ते आकडे लंडनला गेले, विद्वानांनी त्यावरून वंशाची चर्चा केली, त्याच्याच पुस्तकाला परिशिष्ट म्हणून जोडली, आणि आज त्या सगळ्याला काडीचीही किंमत नाही. राग येतो मला. तो काळच तसा होता हे मान्य करूनही येतो.

पण त्याच माणसाने शब्दही टिपले, आणि ते मोलाचे ठरले. डोंगरात अरबी नाही बोलत, किंवा घरात तरी नाही. त्यांच्या भाषेचं नाव शहरी, जिला आता जिब्बाली पण म्हणतात (जबल म्हणजे डोंगर), ती अरबीच्या नात्यातली पण अरबाला न कळणारी. तिच्यात एक आवाज आहे जो जिभेच्या एका बाजूने हवा सोडून काढतात, ल आणि श एकमेकांत मिसळल्यासारखा. थॉमसने शहरी, मेहरी, हरसूसी, बतहरी अशा चार भाषांचे शब्द गोळा केले आणि 1937 मध्ये त्यावर निबंध छापला. यात मला सगळ्यात लागलेली गोष्ट अशी की शहरी ही मुळात शहरा लोकांची भाषा, ते डोंगरातले जुने रहिवासी, कारा नंतर आले, जमीन आणि सत्ता त्यांच्याकडे गेली, शहरा आश्रित झाले, आणि तरी भाषा टिकली ती शहरा लोकांचीच, जिंकणाऱ्यांनी ती उचलली.

मुंबईचा धागाही यात आहे, आणि तो थॉमसच्या बऱ्याच आधीचा. 1844 ते 1846 मध्ये पालिन्युरस नावाचं जहाज या किनाऱ्याचा सर्व्हे करत होतं, त्यावर मुंबईहून आलेला डॉक्टर होता हेन्री जॉन कार्टर. त्याने महरा आणि कारा (तो गारा लिहायचा) लोकांवर लिहिलं आणि ते छापून आलं मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या जर्नलमध्ये. लुबानाच्या एका झाडाला 1870 मध्ये त्याचंच नाव दिलं गेलं. लुबानही गलबतांमधून मुंबईला यायचा, इथून जगात जायचा. आणि थॉमसचा तो सुलतान तैमूर, त्याने 1932 मध्ये गादी सोडली आणि 1965 मध्ये वारला तो मुंबईत. त्याच वर्षी धोफारच्या या डोंगरांत त्याच्या मुलाविरुद्ध, सुलतान सईदविरुद्ध, बंड पेटलं, दहा वर्षं लढाई चालली. मध्येच 1970 मध्ये सईदला हटवून त्याचा मुलगा काबूस गादीवर आले, ज्यांची आई याच डोंगरातली, कारांपैकी. वजीर ज्या वाटांनी वही घेऊन हिंडला त्याच डोंगरात चाळीस वर्षांनी सुरुंग पेरलेले होते.

माझ्या ऑफिसमध्ये एक जण तिकडचा आहे, वादी दरबातच्या वरच्या गावचा. त्याला विचारलं गायीला काय म्हणता तुम्ही, तर म्हणाला "ले", पण शेवटी घशात झटकन अडकवून, जणू शब्द अर्ध्यात तोडला. मग त्याने स्वतःहून फोन काढून गावच्या गायी दाखवल्या, छोट्या, काळ्या-तांबूस, खांद्याला खांदा लावून उभ्या. थॉमसने लिहून ठेवलंय की गुरांना नजर लागू नये, आजार जावा म्हणून हे लोक लुबानाची धुरी देत. मी ते त्याला सांगितलं, इंग्रजाच्या पुस्तकात आहे म्हटलं. त्याला पुस्तकाचं काहीच वाटलं नाही. म्हणाला, आई देते ना अजून, रोज संध्याकाळी, मातीच्या भांड्यात निखारे घेऊन जाते, आणि खरीफात धुकं असलं की धूर वर जातच नाही, गायींच्या पाठीवरच बसून राहतो.