चौथा चमचा

पदार्थाबद्दलचे मत पहिल्या घासावर देऊ नये, चौथ्या घासापर्यंत राखून ठेवावे, असा नियम मी स्वतःपुरता घालून घेतला, त्याला आता बरीच वर्षे झाली. ठाण्याच्या नौपाड्यात राहणाऱ्या माणसाला तो पाळणे सोपे नाही, कारण गोखले रोडवरून भाजी घेऊन घरी येईपर्यंत चार वासांनी पाय अडखळतात आणि पाचव्याला माणूस आत शिरतो. शिरल्यावर पहिला घास घेतो तो माणूस नव्हे, त्याची भूक. आणि भुकेला सगळेच 'अप्रतिम' लागते. म्हणून खिशातल्या छोट्या वहीत मी जे काही टिपतो ते चौथ्या घासानंतर.

हा नियम मला मिसळीने शिकवला. मामलेदार कचेरीजवळच्या प्रसिद्ध मिसळीची ऑर्डर देताना तिखटाची पायरी सांगावी लागते, आणि बाहेरगावच्या पाहुण्यांसमोर 'मध्यम' म्हणणे आम्हा ठाणेकरांना उगाचच कमीपणाचे वाटते. मिरचीतले कॅप्सेसिन हे तिखट द्रव्य शरीरातल्या ज्या ग्राहींना, म्हणजे संवेदना टिपणाऱ्या प्रथिनांना, चेतवते, तेच ग्राही सुमारे ४३ अंश सेल्सिअसच्या वरच्या उष्णतेनेही चेततात. हा ग्राही शोधून काढणारे डेव्हिड ज्युलियस २०२१ च्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलचे एक मानकरी ठरले. थोडक्यात, वाफाळत्या तर्रीचा पहिला घास जिभेला दोन्हीकडून भाजतो आणि त्या गडबडीत मटकी शिजली आहे की नुसतीच भिजली आहे, हेही कळत नाही. तिखट पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे ग्लासामागून ग्लास रिचवणारा पाहुणा अधिकच लाल होतो. ताक मागवणारा सावरतो. चौथ्या घासाला रस्सा जरा निवलेला असतो, फरसाण अर्धे मऊ आणि अर्धे कुरकुरीत झालेले असते, आणि तेव्हा कुठे वाटणातला भाजलेला कांदा नि खोबरे वेगवेगळे ओळखू येतात. त्या वेळी पाव संपलेला असतो, ही गोष्ट निराळी.

गोडाचे गणित याच्या उलट आहे. थंडपणा गोडी लपवतो. जिभेची गोडाला मिळणारी दाद साधारण १५ ते ३५ अंशांच्या दरम्यान वाढत जाते. सीताफळाचे आइस्क्रीम पहिल्या चमच्याला बेताचे गोड लागते आणि वाटीच्या तळाशी वितळून उरते तेव्हा पाकासारखे चिकटते, याचे कारण हेच. चांगला बनवणारा हा तळ आधीच हिशोबात धरतो आणि फळाचा रवाळपणा गोडीच्या आड उभा करतो. श्रीखंडाला चक्क्याचा आंबटपणा शेवटपर्यंत साथ देतो. तो नसेल तर केशर कितीही घाला, चौथ्या चमच्याला हात आपोआप पुरीकडे वळतो.

खरवसाची परीक्षा मात्र मी डोळ्यांनीही करतो. खरा खरवस चिकाच्या दुधातल्या प्रथिनांमुळे नुसत्या वाफेवर घट्ट होतो, त्याला दुसरे काही लागत नाही. वडी उभी धरून पाहावी: कापलेल्या कडेला बारीक जाळी दिसते, बोटाने दाबली तर ती किंचित दबून परत वर येते, आणि दाबलेल्या जागी पिवळसर पाण्याचा एक थेंब उमटतो. चिक मिळत नाही म्हणून चायना ग्रास घालून केलेली वडी याहून देखणी असते. तिच्या कडा काचेसारख्या, रंग पांढराशुभ्र. पहिल्या चमच्याला वेलदोडा आणि जायफळ दोघींची बाजू सारखीच सांभाळून घेतात. पुढे मात्र चायना ग्रासची वडी तोंडात विरघळायचे नाव घेत नाही, नुसते तुकडे होत राहतात, कारण ती वितळायला तोंडातल्या उष्णतेच्या दुपटीहून अधिक उष्णता लागते. एवढे माझे मत मी काउंटरवर कधीच बोलून दाखवत नाही. वहीत लिहितो आणि पैसे देतो.

या सगळ्यात माझी अडचण एकच आहे आणि ती म्हणजे आत्या. तिला मधुमेह आहे, त्यामुळे कुठल्याही गोडाचा तिच्या वाट्याला एकच चमचा येतो आणि म्हणून तिला आजवर न आवडलेले गोड मी पाहिलेले नाही. परवा घोडबंदर रोडवरच्या एका नव्या, झगमगीत ठिकाणी आम्ही पुरणपोळी चीजकेक नावाचा प्रकार मागवला. वर पुरणाचा थर, खाली बिस्किटांचा चुरा, मध्ये फ्रिजमधून नुकतेच निघालेले थंडगार चीज. आत्याने आपला चमचा घेतला, डोळे मिटले आणि म्हणाली, "लिही रे, उत्तम!"

मी चौथ्यापर्यंत आलो तेव्हा एसीच्या गारठ्यातही पुरणातला गूळ वर आला होता, चीजचे मीठ त्याच्याशी भांडत होते आणि चुरा ओलसर होऊन टाळूला चिकटत होता. मी वही काढलेली पाहून आत्याने इकडेतिकडे नजर टाकली आणि, "तुला काय कळतंय, बघू!" म्हणत माझ्या बशीतून दुसरा चमचा उचलला. तिने तो सावकाश खाल्ला. मग काही न बोलता बशी माझ्याकडे सरकवली आणि पाण्याचा ग्लास जवळ ओढला.