तुम्ही विचारलंत म्हणून: माळकऱ्यांच्या परड्यातले मासे

"आमच्या घरात माळ आहे वो. माशांच्या पाण्यावरची भाजी आम्हाला चालती काय?"

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात असो, निपाणीकडं असो की चिक्कोडीकडं, परड्यात माशांची टाकी मांडायची गोष्ट काढली की हा प्रश्न येतोच. कधी घरातली आजी विचारते, कधी दरवर्षी पायी वारी करणारा कर्ता माणूस. कधी सून मला गेटपर्यंत सोडायला येते आणि तिथं हळूच विचारते, कारण भाजी तिला हवी असते आणि सासूसमोर विषय काढायचा धीर होत नाही. उभ्या उभ्या दिलेलं उत्तर दरवेळी अपुरं राहतं, म्हणून आज बसून लिहिते.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एका टाकीत मासे असतात आणि शेजारी खडीनं भरलेला वाफा. माशांच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून पाण्यात अमोनिया उतरतो. छोटा पंप ते पाणी वाफ्यात चढवतो. खडीवर दोन तऱ्हेचे जिवाणू वस्तीला असतात. एक अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट झाडं उचलतात आणि निवळलेलं पाणी परत टाकीत पडतं. ऊन आणि पानं मिळून जेवढं उडवतात तेवढंच वरून घालायचं. याला अॅक्वापोनिक्स म्हणतात.

बेळगाव तालुक्यातला मळेवाला म्हणेल की आम्हाला याची काय गरज? त्याला खरंच नाही. पण मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला जाऊन बघा. जून ते सप्टेंबर इतका पाऊस की जमिनीत टाकलेली मेथी उगवायच्या आत कुजते. एप्रिल-मे आला की विहिरीचा तळ दिसतो आणि परड्यात न्हाणीच्या पाण्यावरचा अळू तेवढा टिकतो. याच जिल्ह्यातल्या अथणीकडं तर पाऊसच कमी. मग आठवडी बाजारातून आणलेली पालेभाजी दोन-तीन दिवस पुरते आणि पुढं आमटी-भातावर भागतं. वर पारदर्शक कागद घातलेला, कमरेइतक्या उंचीचा वाफा असला तर पोकळा, पालक, चुका, कोथिंबीर बाराही महिने हाताशी राहते. मला या कामात जे गोड वाटतं ते एवढंच आहे. यात पैसे किती सुटतात असं विचारणाऱ्यांना मी सरळ सांगते की हे स्वयंपाकघरापुरतं करा.

आता मूळ प्रश्न. माझं उत्तर "चालते" असं आहे, आणि ते मी कुणाचं मन राखायला देत नाही. शेणखतावर वाढलेली मेथी आपण खातोच. जित्राबाच्या मलमूत्रावर झाड वाढणं यात नवं काही नाही. मासा कापायचा की नाही हा घराघराचा निर्णय. खाणाऱ्या घरी आम्ही रोहू, कटला किंवा सायप्रिनस (कॉमन कार्प) सोडतो. माळकऱ्यांच्या घरी कोई सोडतो. कोई हा सायप्रिनसचाच रंगीत प्रकार आहे, थंडी सोसतो, काटक आहे, आणि त्याच्याकडं पाहून कुणाला कालवण आठवत नाही.

पण खरी अडचण दुसरीकडंच आहे आणि ती कुणी विचारत नाही. बाजारात माशांचं जे गोळीखाद्य मिळतं त्यात बहुधा सुक्या मासळीची भुकटी असते. म्हणजे घरात मासा कापला नाही तरी खाद्याच्या पिशवीतून तो आलाच. हे मी स्वतःहून सांगते, कारण पुढं कुणी पिशवीवरचं वाचून दाखवलं तर त्या आजीला फसवल्यासारखं वाटेल. अशा घरी शेंगदाण्याची पेंड आणि भाताचा कोंडा समसमान घेऊन मळायचं आणि सुपारीएवढे गोळे करून टाकायचे. सायप्रिनस जातीला हे मानवतं, तळ्यांत कार्प माशांना पूर्वीपासून हेच घालत आलेत. यात प्रथिनं कमी, त्यामुळं वाफाही लहान ठेवावा लागतो. हजार लिटरच्या टाकीत पाच किलोच्या आसपास मासे आणि एक-दीड चौरस मीटर पालेभाजी, एवढंच जमतं. पाणी जास्त गढूळ होतं, म्हणून वाफ्याच्या आधी गाळ बसायला एक पिंप लावावं लागतं. आणि पावसाळ्यात पेंडीला बुरशी आली तर ती माशांना घालू नका, त्यातलं विष त्यांच्या यकृतावर उतरतं.

खानापूरच्या पलीकडच्या एका गावात मी पहिल्यांदा माळकऱ्याच्या घरी टाकी मांडली. आजी राजी नव्हत्या, नातवानं हट्ट धरला होता. वाफ्यात कौलांचे तुकडे भरले. त्या भागात कौलांचा तुटवडा नाही, आणि भाजलेलं कौल पाण्यात विरघळत नाही. सगळं नीट होतं, फक्त मी घाई केली. जिवाणूंची वस्ती बसायला चार ते सहा आठवडे लागतात, थंडीत त्याहून जास्त. मी आठव्या दिवशी मासे सोडले. बाराव्या दिवशी सकाळी नातवाचा फोन आला. मी पोचले तेव्हा अकरा मासे पाण्यावर पालथे होते. आजींनी ते एकेक करून हातानं काढून सुपात ठेवले होते आणि वर तुळशीची पानं टाकली होती. मला म्हणाल्या, "भाजी चालती का म्हणून मी इचारलं तवा हे का सांगितलं न्हाईस गे?"

चूक माझी होती. अमोनिया माशांच्या जिवावर उठेल इतका वाढला होता आणि मी पाणी तपासलंच नव्हतं. त्या दिवसापासून माळकऱ्यांच्या घरी मी मासे सोडायच्या आधी नुसत्या पाण्याच्या टाकीतच जिवाणू वाढवते. अमोनिया हवा म्हणून आठ-दहा दिवस मुरलेलं गोमूत्र थोडं थोडं घालायचं. मुरताना त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो. या दिवसांत वाफ्यात खायचं काही लावायचं नाही. तपासणीच्या थेंबांनी अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, घातलेला अमोनिया चोवीस तासांत संपू लागला, की निम्म्याहून जास्त पाणी बदलायचं आणि मग मासे. मरण अगदी टळतं असं मी म्हणणार नाही. म्हातारा होऊन मासा मरतोच. पण आपल्या अडाणीपणानं मारायचा नाही, एवढं आपल्या हातात आहे.

त्या घरी दुसऱ्यांदा मांडायला आजींनीच होकार दिला, नातवाचं तोंड बघून असेल. पुढच्या जुलैत एका रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. बॅटरीवरचा हवेचा पंप तेव्हा त्यांच्याकडं नव्हता. पंप थांबला की पाण्यातला प्राणवायू काही तासांत उतरतो, मासे वर येऊन तोंड वासतात. नातू झोपलेला. आजी कंदील घेऊन परड्यात गेल्या, टाकीच्या कडेला पाट टाकला आणि तांब्यानं पाणी उचलून हातभर उंचीवरून परत ओतत बसल्या. असं पडताना पाणी हवा ओढून घेतं, हे मी कधीतरी बोलून गेले होते. सुनेनं नंतर सांगितलं की त्या हरिपाठ म्हणत होत्या आणि हात थांबत नव्हता. सकाळी सगळे मासे जिवंत होते. त्या आठवड्यात मी बॅटरी घेऊन गेले. आजींनी पोकळ्याची भाजी आणि भाकरी वाढली आणि पहिल्यांदा माझ्याबरोबर त्यांनीही ती खाल्ली.

आणखी दोन गोष्टी आपल्या भागापुरत्या. पावसाचं पाणी टाकीत फार गेलं की पाण्याचा आम्लपणा वाढतो. जिवाणूंच्या कामानंही तो वाढतच असतो. सामू (pH, पाण्याच्या आम्लपणाचं माप) 6 च्या खाली गेला तर जिवाणूंचं काम मंदावतं, 7 च्या आसपास ठेवायचा. पान खायचा चुना बादलीभर पाण्यात कालवून, दोन-तीन दिवसांत विभागून घातला तरी काम होतं, पण एकदम ओतला तर मासे सहन करत नाहीत. दुसरी गोष्ट निपाणीकडच्यांसाठी. मावा पडला की तंबाखूचं पाणी फवारायची आपली सवय आहे. या वाफ्यावर ते चुकूनही नको. तंबाखूची भुकटी माशांची तळी साफ करायला विष म्हणून वापरतात, यावरून समजा. मावा दिसला तर पानाच्या मागून बोटानं पुसून काढा, वाफा लहान आहे, जमतं.

राहता राहिलं मोठ्या झालेल्या माशांचं. कोई वीस-वीस वर्षं जगतो आणि हातभर वाढतो. म्हणून न खाणाऱ्या घरी सुरुवातीलाच दहा-बारा पिल्लंच सोडायची. तरीही गर्दी झाली तर दुसऱ्या माळकऱ्याच्या टाकीत द्यायचे. आजींच्या टाकीतले दोन असेच नंदगडकडच्या एका घरी गेले. पुण्य म्हणून ओढ्यात मात्र सोडू नका. ही जात बाहेरची आहे, तळ ढवळून काढते, आणि मलप्रभेच्या ओढ्यांतल्या आपल्या बारक्या माशांची अंडी आणि चारा दोन्ही जातं.

तर चालते. यंदाच्या पावसाळ्यात भाजी हवी असेल तर एप्रिल सरायच्या आत टाकी भरा, कारण पहिले सहा आठवडे ती माशांविनाच ठेवायची आहे.