दिवसाचा राम, रात्रीचा कृष्ण

पत्त्यांच्या डावात घड्याळाची वेळ पाहून पहिली उतारी कोणाची हे ठरावे, ही कल्पनाच मला विलक्षण वाटते. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफ्यात हे घडते. हाताने रंगवलेली, लाखेचा लेप दिलेली १२० गोल पाने, विष्णूच्या दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगात राजा, प्रधान व एक्क्यापासून दश्शीपर्यंतची पाने अशी त्याची रचना असते. तिघांत प्रत्येकी ४० पाने वाटली जातात. त्यानंतर दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्या हाती आला तो डाव सुरू करतो आणि रात्री हाच मान कृष्णाच्या राजाकडे जातो. सूर्यवंशी राम आणि मध्यरात्री जन्मलेला चंद्रवंशी कृष्ण यांच्याकडे ही वाटणी यावी, यात मला तरी योगायोग दिसत नाही.

या नियमाचे मूळ बहुधा मोगली गंजिफ्यात असावे. त्या ९६ पानांच्या खेळात सोन्याच्या नाण्याचा ‘सुर्ख’ हा रंग दिवसा आणि चांदीच्या नाण्याचा ‘सफेद’ रात्री पुढे असतो. बाबराने १५२७ साली सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. मात्र मोगली पानांवर केवळ नाण्यांची चमक होती. दशावतारी पानांवर वेळेला चेहरा मिळाला. सावंतवाडीच्या राजवाड्यात राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ही लोपत चाललेली कला सावरली, आणि आजही तेथे कारागीर ही पाने रंगवताना पाहता येतात.