मंडईची बातमी: तिसरी खेप

दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, म्हणजे मंडईत, दुपारी शाहिरांचा गाण्या-नाचाचा खेळ होतो: खडी गंमत. तो मी मोबाइलवर रेकॉर्ड करते आणि त्याची बातमी लिहिते. यंदाच्या तिसऱ्या मंडईत पहिल्यांदाच ऐकवण्यासारखं काही हाती लागलं. पहिल्या गावात मी मोबाइल थेट भोंग्याखाली धरून नुसती घरघर गोळा केली होती. दुसऱ्या गावात गण (सुरुवातीचं गणेशस्तवन) संपला आणि बॅटरीही संपली.

या वेळी मामाचं गाव, साकोलीकडचं. भाऊबीज झाली की आमच्या भंडारा-गोंदियात मंडया लागतात, आज या गावात, उद्या त्या. हलका (लवकर येणारा) धान घरात आलेला, भारी (उशिराचा) अजून बांधीत, म्हणजे शेतात उभा, आणि घरोघरी पाहुणे. मंडईत सोयरिकी जमतात, हे वाक्य मी दोनदा बातमीत लिहिलंय. मामीकडच्या एका पाहुण्याने माझं शिक्षण, उंची आणि रास विचारली तेव्हा ते वाक्य तितकंसं गोड वाटलं नाही.

आता कामाचं. इअरफोनच्या माइकवर मामेभावाचा पायमोजा चढवला (धुतलेला होता, असं तो म्हणतो). वाऱ्याची फडफड बरीच थांबली. भोंग्याकडे पाठ करून, ढोलकीवाल्याच्या बाजूला जमिनीवरच बसले. ४२ मिनिटांपैकी ११ मिनिटं साफ आली. त्यात अख्खी गवळण आहे.

इतक्या जवळ बसल्याने आणखी एक दिसलं. गवळण संपताच नाच्या (बाईच्या वेशात नाचणारा पुरुष) माझ्या शेजारी टेकला, घुंगरू वाजू नयेत म्हणून पाय लांब सोडून. पदराआड सिंगाडा दातांनी सोलला, खाल्ला, टरफल कमरेला खोवलं, ओठांचा रंग बोटाने नीट केला आणि पुन्हा उठला. बातमीची सुरुवात मी तिथूनच केली.

एक चूक कबूल करते. कॉलेजच्या भित्तिपत्रकात मागच्या वेळी मी या प्रकाराला ‘तमाशा’ लिहिलं होतं. म्हाताऱ्या शाहिरांना ते दाखवलं, तर ते हसले नाहीत. “तमाशा नाही माय हा. आमी उभ्यानं गातो, म्हनून खडी गंमत.” मंच नाही, पडदा नाही, लोक चहूबाजूंनी. सोमवारी त्या ओळीवर दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली.

रात्री गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या नाटक मंडळीचा प्रयोग होता. पत्रिकेत ९ वाजता, पडदा उघडला ११ नंतर. त्यांनी रेकॉर्डिंगला नाही म्हटलं, मीही हट्ट धरला नाही; त्यांचं पोट तिकिटावर आहे. याच झाडीपट्टी रंगभूमीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या नाटकांच्या, परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा नाटकाची बातमी होतेच. दुपारची खडी गंमत मात्र ‘इतर मनोरंजनाचे कार्यक्रमही झाले’ एवढ्यात उरकतात. मी या वेळी उलटं केलं: नाटकाला दोन ओळी, बाकी सगळं गंमतीला.

निघताना शाहिरांना त्यांचीच गवळण ऐकवली. एका कानात इअरफोन, दुसरा कान तळहाताने दाबलेला, डोळे मिटलेले. संपल्यावर म्हणाले, “ढोलकी समोर आली, माहा आवाज मांग रायला.”

पुढच्या मंडईत दुसऱ्या बाजूला बसून बघते.